आधी प्रवाहाची दिशा, मग स्प्लाइन : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या अंकात या सदरात पहिल्या कोटीच्या आंशिक अवकल समीकरणांची ओळख करून दिली होती. राशी काळानुसार आणि अंतरानुसार कोणत्या दराने बदलते यांतले नाते ही समीकरणे सांगतात; पहिल्या कोटीची म्हणजे त्यांत बदलाच्या दराचा पुन्हा दर घेतलेला नसतो. त्यांतील सर्वांत साधे समीकरण वहनाचे. एखादी राशी, समजा कालव्याच्या पाण्यात विरघळलेले मीठ, पाण्याच्या वेगाने पुढे सरकत असेल, तर

राशीचा काळानुसार बदलण्याचा दर + वेग × राशीचा अंतरानुसार बदलण्याचा दर = ०.

वेग स्थिर असेल तर याचे अचूक उत्तर तोंडी सांगता येते : सुरुवातीचा आलेख जसाच्या तसा पुढे सरकतो, बुटका होत नाही की पसरत नाही. संगणकाकडून मात्र एवढी साधी गोष्ट नीट करून घेणे कठीण जाते. त्यासाठी त्रिघाती स्प्लाइन, म्हणजे लहान तुकडे जोडून केलेला गुळगुळीत वक्र, उपयोगी पडते असे मी लिहिले होते, आणि त्यावर बरीच पत्रे आली. त्यांतील पाच प्रश्न थोडे आटोपशीर करून इथे घेतले आहेत.

प्रश्न : मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवतो. स्प्लाइन म्हणजे नेमके काय, आणि सगळ्या बिंदूंमधून जाणारी एकच मोठ्या घाताची बहुपदी का घेऊ नये, हे सोप्या शब्दांत सांगाल का?

उत्तर : हा शब्द आला जहाजबांधणीतल्या आरेखनातून. आरेखक लाकडाची लवचीक पट्टी कागदावर ठेवून ती ठरावीक बिंदूंपाशी शिशाच्या वजनांनी दाबून धरीत, आणि पट्टी आपोआप जो वाक घेई तो पेन्सिलीने गिरवीत. गणितात हे नाव आयझॅक शोनबर्ग यांनी १९४६ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधातून रुजले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते अमेरिकी सैन्याच्या बॅलिस्टिक्स प्रयोगशाळेत काम करीत होते.

एकाच मोठ्या बहुपदीचा धोका कार्ल रुंगे यांनी १९०१ मध्येच दाखवून दिला होता. समान अंतरावरचे बिंदू वाढवत गेले की काही अगदी साध्यासुध्या फलांच्या (फंक्शनांच्या) बाबतीतही ती बहुपदी टोकांकडे अधिकाधिक हेलकावे खाऊ लागते. त्रिघाती स्प्लाइनमध्ये प्रत्येक घरात, म्हणजे शेजारच्या दोन बिंदूंमधल्या अंतरात, वेगळी त्रिघाती बहुपदी असते. मात्र सांध्यावर किंमत, उतार आणि दुसरा अवकलज (उतार बदलण्याचा दर) हे तिन्ही जुळलेच पाहिजेत अशी अट असते. समान रुंदीच्या घरांसाठी ही अट एका सुटसुटीत नात्यात मांडता येते :

डावा उतार + ४ × मधला उतार + उजवा उतार = ३ × (उजवी किंमत − डावी किंमत) ÷ घराची रुंदी.

एका बिंदूचा उतार शेजाऱ्यांच्या उतारांवर अवलंबून असल्यामुळे सगळे उतार एकदम काढावे लागतात. प्रत्येक ओळीत तीनच अज्ञात असल्याने हे काम स्वस्तात होते : हजार बिंदूंना जेवढी आकडेमोड लागते त्याच्या साधारण दुप्पट दोन हजारांना. हे नाते वर्गात फळ्यावर जरूर लिहा, कारण पुढची सगळी उत्तरे त्यातूनच निघतात.

प्रश्न : मी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी मी वहन समीकरण घेतले, अंतरानुसार अवकलज त्रिघाती स्प्लाइनने काढला आणि काळात ऑयलरच्या साध्या पद्धतीने (आत्ताचा बदलण्याचा दर × काळातले एक छोटे पाऊल, इतके दर वेळी मिळवत) पुढे गेले. थोड्याच वेळात उत्तर फुटले, आकडे बेसुमार वाढले. काल-पाऊल निम्मे केले तर ते थोडे उशिरा फुटले, इतकेच. स्प्लाइनचा उतार चौथ्या कोटीपर्यंत अचूक असतो असे पुस्तकात आहे. मग चूक कुठे झाली?

उत्तर : चूक आपल्या प्रोग्रॅममध्ये नसावी. चौथ्या कोटीची अचूकता म्हणजे घराची रुंदी निम्मी केली की चूक सोळाव्या हिश्श्यावर येणे; स्थैर्य म्हणजे बारीक चूक पावलागणिक फुगत न जाणे. या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि आपली पद्धत अचूक असूनही अस्थिर आहे. हे मी केवळ शब्दांत सांगून भागणार नाही. कागद-पेन्सिल घेऊन माझ्याबरोबर एक हिशोब करा.

वर दिलेल्या नात्यात एक शुद्ध लहर घाला. शेजारच्या दोन बिंदूंमध्ये लहरीची कला (तिच्या चक्रातले स्थान) जितकी बदलते त्या कोनाला कलाकोन म्हणू. एका तरंगलांबीत ८ बिंदू असतील तर तो ४५ अंश, ४ असतील तर ९० अंश. खऱ्या उताराच्या जागी स्प्लाइन जो उतार देते त्याचे माप ३ × ज्या ÷ (२ + कोज्या) असे येते. ज्या (साइन) आणि कोज्या (कोसाइन) अर्थातच त्या कलाकोनाची. अचूक माप म्हणजे तो कोनच, रेडियनमध्ये. ४५ अंशांना स्प्लाइन खऱ्या मापाच्या ९९.८ टक्के देते, तर डावी-उजवी किंमत वजा करून काढलेला साधा मध्यवर्ती फरक ९० टक्के. हा फरक किरकोळ नाही. मध्यवर्ती फरकाने सोडवलेली अशी लहर दहा तरंगलांब्या जायला हवी तेवढ्या वेळात पूर्ण एका तरंगलांबीने मागे पडते. स्प्लाइनने सोडवलेली लहर एका तरंगलांबीच्या चाळीसाव्या हिश्श्याइतकीही मागे पडत नाही. ४ बिंदूंच्या लहरीलाही स्प्लाइन ९५ टक्क्यांच्या पुढे राहते, तर मध्यवर्ती फरक ६४ टक्क्यांवर घसरतो. पुस्तकातले विधान खरे आहे ते या अर्थाने.

आता काळाकडे वळू. वेग × काल-पाऊल ÷ घराची रुंदी या गुणोत्तराला कुरांट अंक म्हणतात. कुरांट, फ्रीडरिक्स आणि लेवी यांच्या १९२८ सालच्या निबंधापासून ही कल्पना आली. ऑयलरच्या पद्धतीत प्रत्येक पावलाला लहरीची उंची √(१ + कुरांट अंकाचा वर्ग × वरील मापाचा वर्ग) इतक्या पटीने बदलते. वर्गमुळाखाली १ मध्ये काहीतरी मिळवलेच जाते, म्हणून हा आकडा नेहमी १ पेक्षा मोठा. स्प्लाइनचे माप सर्वाधिक असते ते १२० अंशांना, म्हणजे एका तरंगलांबीत तीनच बिंदू असतात तेव्हा, आणि तिथे ते √३ येते. कुरांट अंक ०.१ घेतला तर ही लहर दर पावलाला दीड टक्क्याच्या आसपास वाढते. ऐकायला हे क्षुल्लक वाटते, पण मीठ १०० घरे पुढे जायला १,००० पावले लागतात, आणि तेवढ्यात ती लहर सुमारे २६ लाख पट झालेली असते. पाऊल निम्मे केले तर त्याच अंतरासाठी २,००० पावले लागतात आणि वाढ सुमारे १,७५० पट होते. आपल्याला जे दिसले ते नेमके हेच.

उपाय दोन आहेत. पहिला, काळात चौथ्या कोटीची रुंगे-कुट्टा पद्धत (एका पावलात चारदा दर काढून त्यांची भारित सरासरी घेणारी) घ्यावी. ती कुरांट अंक सुमारे १.६३ पर्यंत स्थिर राहते. साध्या मध्यवर्ती फरकाबरोबर हीच मर्यादा २.८३ असते, म्हणजे स्प्लाइनच्या अचूकतेची थोडी किंमत इथे मोजावी लागते. दुसरा, क्रँक आणि निकोल्सन यांनी १९४७ मध्ये उष्णतेच्या समीकरणासाठी मांडलेली, पावलाच्या सुरुवातीचा आणि शेवटचा दर यांच्या सरासरीची पद्धत वापरावी. तिच्यात लहरीची उंची मुळीच बदलत नाही, कुरांट अंक कितीही असो. स्प्लाइन ज्या ठरावीक घंटाकृती तुकड्यांच्या बेरजेने बनते त्या तुकड्यांचे, म्हणजे बी-स्प्लाइनचे, सहगुणक अज्ञात मानले, तर प्रत्येक ओळीत डावीकडून उजवीकडे १ − १.५ × कुरांट अंक, ४, आणि १ + १.५ × कुरांट अंक असे तीनच आकडे येतात. एक सावधगिरी पुस्तकांत क्वचित सांगितली जाते : कुरांट अंक ४/३ च्या खाली असेपर्यंतच मधला ४ बाकीच्या दोघांच्या, चिन्हे सोडून केलेल्या, बेरजेपेक्षा मोठा राहतो. त्यापुढे गेल्यास, ओळींची अदलाबदल न करता केलेला सोपा निरास (एकेक अज्ञात काढून टाकत समीकरणे सोडवणे) सुरक्षित राहील याची हमी उरत नाही. आणि स्थैर्याची मर्यादा नाही म्हणून पाऊल हवे तेवढे मोठे घ्यावे असाही अर्थ काढू नका. क्रँक-निकोल्सनची काळातली अचूकता दुसऱ्या कोटीचीच आहे.

प्रश्न : मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला अभियंता आहे. हौसेने कालव्यातल्या मिठाच्या वहनाचा प्रोग्रॅम लिहिला. वरच्या तोंडाशी मिठाचे प्रमाण मला माहीत आहे. खालच्या टोकाला काय द्यावे हे कळेना, म्हणून तिथे प्रमाण शून्य धरले. मीठ टोकापर्यंत पोचले आणि तिथून करवतीच्या दात्यांसारख्या लहरी प्रवाहाच्या उलट्या दिशेने वर येऊ लागल्या, तेही पाण्यापेक्षा जास्त वेगाने. असे कसे होऊ शकते?

उत्तर : आपले निरीक्षण अतिशय मोलाचे आहे. मला या विषयात जे सर्वांत महत्त्वाचे वाटते ते आपल्या या पत्रात आले आहे, म्हणून या उत्तराला जास्त जागा देतो.

पहिल्या कोटीच्या समीकरणात माहिती एकाच दिशेने जाते. पाणी जिथून आत येते तिथली अट समीकरणाला लागते. जिथून बाहेर जाते तिथे काय होणार हे समीकरण स्वतःच ठरवते, तिथे आपण काही सांगायचे नसते. स्प्लाइनला मात्र दिशेचे ज्ञान नाही. लाकडाच्या पट्टीला दोन टोके असतात आणि दोन्ही टोकांना काहीतरी अट दिल्याशिवाय तिचा आकार ठरत नाही. घोटाळा होतो तो इथे : स्प्लाइन जी अट मागते ती भरून काढण्यासाठी आपण समीकरणाने न मागितलेली भौतिक अट देऊन बसतो. मीठ टोकाशी पोचल्यावर समीकरण म्हणते प्रमाण अमुक आहे, आपण म्हणतो शून्य आहे. त्या भांडणातून एका बिंदूवर वर, पुढच्या बिंदूवर खाली, अशी दातेरी लहर जन्माला येते.

ती उलटी का जाते आणि इतक्या वेगाने का, याचे उत्तर मागच्या हिशोबातल्या मापातच आहे. लहरींचा समूह ज्या वेगाने सरकतो तो वेग त्या मापाच्या कोनानुसार बदलण्याच्या दरावरून मिळतो. लांब लहरींसाठी तो पाण्याच्या वेगाइतकाच येतो, १२० अंशांना शून्य होतो, आणि १८० अंशांना, म्हणजे दातेरी लहरीसाठी, तो पाण्याच्या वेगाच्या उणे तिप्पट होतो. साध्या मध्यवर्ती फरकात तो उणे एकपट असतो. म्हणजे स्प्लाइनने लांब लहरींना जितके अचूक केले, तितकेच या सर्वांत लहान लहरींना बेलगाम सोडले. हा आकडा मी विद्यार्थ्यांना नेहमी स्वतः काढायला लावतो, कारण तो एकदा हाताने काढला की खालच्या टोकाला हवे ते लिहिण्याची सवय कायमची सुटते.

आता काय करावे ते सांगतो. कालव्याची १० घरे केली तर त्रिघाती बी-स्प्लाइनचे १३ सहगुणक असतात. ११ बिंदूंवर समीकरण पाळायचे, म्हणजे ११ अटी झाल्या. वरच्या तोंडाची किंमत ही बारावी. कमी पडते ती एकच, आणि ती खालच्या टोकाची. वरच्या तोंडाशी वेगळी युक्ती लढवावी लागत नाही, कारण तिथले प्रमाण काळानुसार कसे बदलते हे माहीत असल्याने त्या बदलाच्या दराला वेगाने भागून उणे चिन्ह लावले की तिथला उतार समीकरणच देते. खालच्या टोकासाठी शेवटच्या दोन घरांत एकच त्रिघाती बहुपदी घ्यावी, म्हणजे त्यांच्या सांध्यावर तिसरा अवकलजही जुळवावा. उतारांच्या भाषेत ती अट अशी :

शेवटचा उतार + २ × त्याआधीचा उतार = (५ × शेवटची किंमत − ४ × त्याआधीची − तिच्याही आधीची) ÷ (२ × घराची रुंदी).

या सूत्रात कालव्याबाहेरची कोणतीही माहिती नाही. जे आहे ते सगळे आतून आलेले आहे. बरेच प्रोग्रॅम टोकाला दुसरा अवकलज शून्य धरतात. त्याला नैसर्गिक स्प्लाइन असे गोड नाव आहे, पण वाहत्या मिठाच्या आलेखाचा वाक खालच्या टोकाशी शून्य असावा असे निसर्गात काही नाही. त्या अटीने अचूकता चौथ्या कोटीवरून दुसऱ्या कोटीवर येते. टोकाच्या चुकीचा थेट परिणाम आत जाताना प्रत्येक बिंदूला ०.२६८ पटीने, चिन्ह बदलत, कमी होतो, म्हणून एका पावलापुरता तो पाच-सहा बिंदूंत विरतो. मात्र पावलापावलाला तोच खोटेपणा आत ढकलला गेला की वरच्यासारख्या लहरी तयार होतात.

प्रश्न : कालव्यात मीठ एकदम टाकले, म्हणजे आलेखाला पायरीसारखी उभी कड असली, तर स्प्लाइनने काढलेले प्रमाण काही ठिकाणी उणे येते. उणे आकडे शून्य केले तर चालेल का?

उत्तर : नाही. उणे आकडे पुसले म्हणजे मीठ कुठूनतरी वाढवले, आणि दर पावलाला ते वाढवत राहिलात तर एकूण मिठाचा हिशोब जुळणार नाही.

उणे का येते ते पाहा. एका बिंदूपर्यंत सगळीकडे ०, पुढच्या बिंदूपासून सगळीकडे १, अशी पायरी घ्या. उतारांचे नाते सोडवले तर पायरीच्या दोन्ही काठांवर प्रत्येक घरामागे ०.६३४ इतका चढ येतो, आणि त्याच्या मागच्या बिंदूवर उणे ०.१७. म्हणजे पायरीच्या आधीच्या घरात दोन्ही टोकांच्या किमती शून्य असताना वक्र खाली बुडी मारून वर यायला निघतो. घराच्या मध्यावर तो उणे ०.१ असतो. पायरीच्या उंचीच्या १० टक्के! त्याच्या आधल्या घरात तो उलट २.७ टक्के वर उठतो. लवचीक पट्टी उभ्या कडेवर दाबली तर ती शेजारी फुगणारच.

सर्गेई गोडुनोव्ह यांनी १९५९ मध्ये सिद्ध केले की, नवे चढ-उतार निर्माण न करणारी कोणतीही एकरेषीय पद्धत (नवी किंमत जुन्या किमतींच्या ठरावीक पटींच्या बेरजेने काढणारी) पहिल्या कोटीपेक्षा अधिक अचूक असू शकत नाही. त्यामुळे पद्धतीने आलेख पाहून वागणे बदलावे लागते. फ्रिट्श आणि कार्लसन यांनी १९८० मध्ये दिलेली युक्ती सोपी आहे : शेजारच्या जीवांपैकी (लागोपाठच्या दोन बिंदूंना जोडणाऱ्या सरळ रेषांपैकी) एकीचा जरी उतार शून्य असेल तर त्या बिंदूचा उतार शून्य करावा, आणि अन्यत्र तो जीवेच्या उताराच्या तिपटीपेक्षा जास्त होऊ देऊ नये. असे केल्यावर दुसऱ्या अवकलजाचे सातत्य जाते, आणि गुळगुळीत शिखराचा माथाही थोडा छाटला जातो. म्हणून ही मर्यादा कडेजवळच लावावी, सरसकट नव्हे. वेग स्वतःच राशीवर अवलंबून असेल, तर गुळगुळीत सुरुवातीतूनही पुढे उभी कड तयार होते. तिथे मी साध्या स्प्लाइनची शिफारस करणार नाही.

प्रश्न : प्रत्यक्षात कोणी स्प्लाइनने अशी समीकरणे सोडवते का? आणि माझा प्रोग्रॅम बरोबर आहे हे कसे तपासू?

उत्तर : सोडवतात, आणि त्याचे उत्तम उदाहरण प्लाझ्माच्या, म्हणजे विद्युतभारित कणांच्या वायूच्या, भौतिकीतले आहे. प्लाझ्मातील कणांची स्थान आणि वेग यांनुसार वाटणी कशी बदलते हे सांगणारे व्लासोव्ह समीकरण पहिल्या कोटीचेच आहे, पण त्यात स्थानाची तीन आणि वेगाची तीन अशा सहा मिती आणि शिवाय काळ येतो. चेंग आणि नॉर यांनी १९७६ मध्ये ते तुकड्यांत विभागले : काही क्षण फक्त स्थान सरकवायचे, मग फक्त वेग. प्रत्येक तुकडा म्हणजे आपले साधे वहन समीकरणच. जाळीच्या प्रत्येक बिंदूवर आत्ता पोचलेली राशी एका पावलापूर्वी कुठे होती ते प्रवाहाच्या वाटेने मागे जाऊन शोधायचे, आणि तिथली किंमत त्रिघाती स्प्लाइनने काढायची. दिशा वाटेने ठरते आणि स्प्लाइनकडे फक्त दोन बिंदूंमधली किंमत सांगण्याचे काम उरते, म्हणून मला ही पद्धत फार पटते. फ्रान्समधल्या कादराश येथील संशोधन केंद्रात विकसित झालेला, टोकामाकमधील (चुंबकीय क्षेत्राने प्लाझ्मा कोंडून ठेवणाऱ्या कड्याच्या आकाराच्या यंत्रातील) खळबळीचा अभ्यास करणारा गायसेला हा प्रोग्रॅमही याच घराण्यातला.

या पद्धतीत कुरांट अंक १ पेक्षा मोठा चालतो, इतकेच नव्हे तर मोठा असणे बऱ्याचदा हिताचे असते. ८ बिंदूंची लहर घ्या आणि ती १०० घरे पुढे न्या. दर पावलाला अर्धे घर सरकलात तर २०० वेळा किंमत काढावी लागते आणि शेवटी लहरीची ७९ टक्के उंची उरते. दर पावलाला अडीच घरे सरकलात तर ४० वेळाच काढावी लागते आणि साडेपंच्याण्णव टक्के उरते. ४ बिंदूंच्या लहरीसाठी हेच आकडे अर्ध्या टक्क्याहून कमी आणि ३२ टक्के असे येतात. पाऊल लहान म्हणजे उत्तर चांगले, हा समज इथे उलटा पडतो. मात्र वेग स्थिर नसेल तर मागची वाट अचूक शोधता येईल इतके तरी पाऊल लहान हवे.

तपासणीसाठी गुळगुळीत घंटाकृती आलेख घ्या, वरच्या तोंडातून तो आत येऊ द्या, कालव्याच्या मध्याला पोचल्यावर एकदा आणि अर्धा बाहेर पडल्यावर पुन्हा एकदा अचूक उत्तराशी ताडून पाहा. मग घराची रुंदी निम्मी करून तेच करा. रुंगे-कुट्टा वापरून कुरांट अंक तोच ठेवला असेल तर दोन्ही वेळा चूक सुमारे सोळाव्या हिश्श्यावर यायला हवी. मध्याला सोळावा हिस्सा आणि बाहेर पडताना चौथाच दिसला, तर खालच्या टोकाची अट तपासा. दोन्हीकडे चौथाच दिसला, तर काळातली पद्धत दुसऱ्या कोटीची राहिली आहे का ते आधी पाहा.